सर्व्हरचा दसरा

श्रीमंतरावांनी सर्व्हरचा दसरा काढला, ही बातमी प्रज्ञाला सोमवारी सकाळी अकराला कळली. सांगताना करण हसत होता.

घट बसायच्या आधी घर धुऊन काढायचं, गोधड्या, भांडी, जळमटं, काही सोडायचं नाही, हा आपल्याकडचा रिवाज. त्यात वावगं काही नाही. पण धुवायचं काय आणि जपायचं काय, हे घरच्या बाईला बरोबर कळतं. श्रीमंतरावांसारख्या संस्थेच्या सचिवाला कळेलच, असं सांगता येत नाही.

मिरजगावातल्या या संस्थेचं काम तसं साधं. कर्जत तालुक्यातल्या चाळीस गावांच्या विहिरींची पाणीपातळी दर सोमवारी मोजून लिहून ठेवायची. गावोगावच्या बाया दोरीला वजन बांधून विहिरीत सोडतात, दोरी कोरडी किती राहिली ते मोजतात आणि आकडा फोनवर सांगतात. करण तो टाईप करतो. वह्या केव्हाच बंद झाल्या. वह्या बंद केल्याबद्दल संस्थेनं स्वतःचा सत्कारसुद्धा करून घेतला होता.

प्रज्ञा तिथली कॉम्प्युटरची प्रमुख. प्रमुख म्हणजे प्रिंटर अडला की हाक मारायची ती. तरी तिनं श्रावणात बसून तीन पानांची योजना लिहिली होती. सर्व्हर दर तासाला सगळ्या फायलींची तेव्हाची स्थिती टिपून ठेवत असे. याला स्नॅपशॉट म्हणतात. फाईल चुकून उडाली, तर मागच्या तासातून परत आणता येते. पण फायली आणि स्नॅपशॉट एकाच डिस्कवर होते. डिस्क गेली की दोन्ही गेलं, नाहीतर एखाद्यानं बसून दोन्ही पुसलं की गेलं. म्हणून एकदा सगळं राहुरीच्या शाखेतल्या दुसऱ्या मशीनवर पाठवायचं आणि मग दर शनिवारी, मागच्या शनिवारच्या स्नॅपशॉटपासून जेवढं बदललं तेवढंच पाठवत राहायचं. पहिली खेप दोन दिवसांची, पुढच्या दहा-दहा मिनिटांच्या. एवढीच योजना होती. त्यासाठीचं नवं मशीनही खोक्यात येऊन पडलं होतं.

मशीन आलं आणि पितृपाट लागला.

"आता नवं काम सुरू करत नसतात," श्रीमंतराव म्हणाले होते. "घट बसू द्या."

"सर, हे नवं काम नाही. आहे ते राखायचं काम आहे."

"तुमच्यात पाळत नसतील, प्रज्ञाताई. आमच्यात पाळतात."

हे त्यांनी अगदी गोड आवाजात म्हटलं होतं. वर तिच्यापुढे चहाचा कप सरकवला होता. त्या 'तुमच्यात'नं प्रज्ञाच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तिच्या आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तिनं नगरला राहून इंजिनिअरिंग केलं, आणि इथं सर्व्हर कधी राखायचा याचा निकाल 'आमच्यात-तुमच्यात'वर लागत होता. तिनं चहा घेतला नाही. पण खोक्याची चिकटपट्टीही काढली नाही.

आणि आज करण सांगत होता, "मॅडम, डिस्क भरली हुती ना. संस्थेच्या पंचवीस वर्षांच्या कार्यक्रमाचं ड्रोनचं शूटिंग बसंना. सर म्हणले, दसरा काढायचाच हाय तर मशीनचाबी काढ, जुनी वर्षं उडव. उडवली. तरी जागा व्हईना! मग बघितलं, तर उडवायच्या आधीच्या स्नॅपशॉटांनी सगळं धरून ठेवलेलं. तेबी काढले. मग बसलं बघा."

प्रज्ञाला पोरगा मठ्ठ असता तर परवडलं असतं. पण याला सगळं समजलं होतं. पुसलेलं कुणी धरून ठेवलंय हे त्यानं शोधलं आणि धरणाऱ्याचीच बोटं सोडवली.

"कुठली वर्षं?"

"गेल्या साल-दोन सालांची ठेवलीत. त्याच्या मागची."

तिला सगळ्यात आधी आठवली रतनबाई. खडकवस्तीची ही बाई नऊ वर्षं एकही सोमवार न चुकवता आपल्या सात विहिरी मोजत आली होती. सुनेच्या बाळंतपणात मोजल्या, नवरा गेला त्या आठवड्यातही मोजल्या. तीन वर्षांपूर्वी वस्तीच्या अंगाला पाणी बाटलीत भरून विकणारा कारखाना आला, त्यानं चार बोअर घेतले आणि विहिरी तळाला लागल्या. कारखाना म्हणत होता, तुमच्या विहिरी आधीपासूनच आटलेल्या होत्या. गावाच्या तक्रारीवर गुरुवारी तालुक्याच्या साहेबांपुढे सुनावणी होती. आधी पाणी किती होतं, हे सांगणारी सहा वर्षं गावात कुणाकडेच नव्हती. ती फक्त त्या डिस्कवर होती.

प्रज्ञानं तीन तास सगळे उपाय करून पाहिले. पुसलेली जागा नुसती मोकळी असती, तर थोडंफार हाती लागलं असतं. पण तिथं आता अध्यक्षांचा फेटा होता, आठ वेगवेगळ्या उंचीवरून घेतलेला. मध्येच अध्यक्ष हात हलवत होते. तिला तो स्क्रीन उचलून रस्त्यावर फेकावासा वाटला.

दुपारी श्रीमंतरावांनी तिला बोलावलं. टेबलावर पत्र तयारच होतं: 'अपरिहार्य तांत्रिक बिघाडामुळे सन अमुक ते तमुकच्या नोंदी उपलब्ध होऊ शकत नाहीत.' खाली तिच्या नावापुढे सहीची जागा.

"बिघाड?" प्रज्ञा म्हणाली. "मशीनला काय झालंय, सर? मशीननं शेवटपर्यंत सोडलं नव्हतं. आपण सोडायला लावलं."

"आवाज खाली ठेवा."

"पंधरा दिवस खालीच ठेवला होता. त्याचंच हे फळ."

तेवढ्यात दारात रतनबाई येऊन उभी राहिली. हातात प्लॅस्टिकची कोरी फाईल होती. आकड्यांचे कागद नीट ठेवायला तिनं बाजारातून मुद्दाम घेतलेली.

"या, मावशी," श्रीमंतराव लगबगीनं म्हणाले. "बसा. जरा मशीन बिघडलंय..."

"बिघडलेलं नाही, मावशी," प्रज्ञा म्हणाली. "तुमचे जुने आकडे यांनी पुसायला लावले. कार्यक्रमाचा व्हिडिओ ठेवायला. आणि दुसरीकडे प्रत ठेवायचं काम माझं होतं. हे म्हणाले घट बसू द्या, म्हणून मी थांबले. मला बोलून दाखवलं म्हणून गप्प बसले. तेव्हाच पाठवलं असतं, तर आज राहुरीहून मिळालं असतं."

रतनबाईनं दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. "समदी सहा वर्सं?"

"सगळी."

श्रीमंतराव मान खाली घालून पेपरवेट फिरवत बसले. प्रज्ञानं त्यांचं पत्र उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला घेतलं. कुणी सांगितलं, कुणी पुसलं, कोण थांबलं, कुठल्या तारखेला. श्रीमंतरावांचं नाव लिहिलं, करणचं लिहिलं, स्वतःचं लिहिलं. खाली सही केली आणि कागद रतनबाईपुढे धरला. "हा गुरुवारी साहेबांना द्या. मी येते बरोबर. तिथं हेच सांगते."

"वाचून दाव."

प्रज्ञानं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. स्वतःच्या नावापाशीही आवाज खाली केला नाही. अन्यायाला वाचा फोडल्याचं थोडं समाधानही तिला वाटून गेलं, खोटं कशाला सांगा.

रतनबाईनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग तिनं कागद हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला.

"तू खरं लिव्हलंस, बाई. लई झालं," ती म्हणाली. "पर ह्यात समदी तुमचीच नावं हायेत. आमचं पानी कुठंय?"

तिनं कागद परत टेबलावर ठेवला.

"पुढल्या सोमवारचं मी मोजीन. त्याच्या पुढल्याबी मोजीन. पर सहा वर्सांमागचं पानी आता कोंच्या हिरीत दोरी सोडून मोजू, सांग मला."