रुखवताचे नखुले

ताप उतरून दोन दिवस झाले तरी शिवांगीचं तोंड काही उघडेना. मऊ भात नको, खिचडी नको. वरणाची वाटी तर तिनं सरळ उशीमागं सारली. काऊचे, चिऊचे, सगळे घास उज्वलाच्याच पोटात गेले. आणि आज दिवेलागणीला पोरगी आपणहून म्हणाली, "मम्मी, लाल पास्ता."

उज्वला धावतच स्वयंपाकघरात आली. सासूबाई, साखराबाई, दुपारीच चाकूरहून लातूरला आल्या होत्या, पिशवीभर शेतातले टमाटे घेऊन. लसूण तेलात तडतडला, चिरलेले टमाटे पडले, मीठ पडलं, घरभर वास सुटला. मग तिनं पास्त्याचं पाकीट उघडलं, तर आत किड्यांची पळापळ.

"आता गं?" साखराबाई डोकावल्या.

"काय आता, आत्याबाई! दुकानातून येईस्तोवर ही झोपेल. झोपली की आजही उपाशी."

साखराबाईंनी आपल्या पिशवीतून डबा काढला. हिमायतनगरच्या नातीच्या लग्नात रुखवतावर मांडायचे नखुले होते ते. रव्याची एवढीएवढीशी गोळी नखावर दाबून वळवलेले, वाळवलेले, इवल्या शिंपल्यांसारखे.

"घे मूठभर. दुधात शिजव, गूळ टाक."

"दूध ती थुंकून टाकते. ह्या टमाट्यातच घालते ना."

"गं माय! नखुल्याला लसूण? रुखवताचं हाय ते, उज्वला! कुनी ऐकलं तर हसतील की."

आतून पेंगुळलेला आवाज आला, "मम्मी, झाला का?"

साखराबाईंनी दाराकडं पाहिलं, डब्याकडं पाहिलं. "घाल. पन गुळाबिगर माझे नखुले ताटात जायचे न्हाईत, सांगून ठेवते." आणि सुनेनं काही म्हणायच्या आत गुळाचा खडा कढईत पडलासुद्धा.

उज्वलानं भीत भीत चमच्याचं टोक चाटलं. मघाशी दात आंबवणारा रस्सा आता मस्त जुळून आला होता. तिनं उकडलेले नखुले त्यात सोडले.

शिवांगीनं पहिला नखुला बोटावर घेऊन निरखला. "ह्याला चिमटा कुणी काढला?"

"म्या."

"दुखलं का त्याला?"

"लई. म्हनून लवकर खा."

पोरीनं तो खाल्ला. मग दुसरा. मग बोटं सोडून चमचा घेतला. उज्वला बघत राहिली. शेवटी वाटीच पुढं आली, "अजून." साखराबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धुराला नावं ठेवली; गॅसच्या शेगडीला कसला धूर!

जेवणं झाल्यावर त्यांनी हिमायतनगरच्या लेकीला फोन लावला. "नखुले जरा कमी भरतील बरं का. न्हाई गं, उंदरानं कशाला? तुझ्या भाचीनं. दोन वाट्या खाऊन बसली! हाव, हाव, गूळ घालूनच केले."

लसणाचं मात्र त्यांनी नाव काढलं नाही.