माझ्यावरचा खोटा एक

दोष साहेबांचा होता. आधीच सांगून टाकतो, कारण पुढे तुम्ही त्यांच्या पांढऱ्या मिशा बघून विरघळाल.

मी चौकातल्या चौथऱ्यावरचा रणगाडा बोलतोय. पोरं माझ्या तोफेला लोंबकळतात, मोठी माणसं मला पाठ टेकून फोनवर भांडतात. माझ्या घुमटावरचा पांढरा त्रिकोण आणि त्यातला एक हा आकडा सगळ्यांना दिसतो, अर्थ कुणालाच ठाऊक नसतो. अवघड काही नाही. त्रिकोणावरून तुकडी कळते, आतल्या आकड्यावरून तुकडीतली गाडी. एक आकडा प्रमुखाचा. धुरळ्यात सगळे रणगाडे सारखेच दिसतात, तेव्हा आपल्यांनी आपल्याला ओळखावं म्हणून ही खटपट. पण समोरच्याच्या दुर्बिणीतूनही तो आकडा तितकाच स्वच्छ दिसतो. एक टिपला की बाकीची तुकडी बिनडोक्याची.

मी एक नव्हतोच. मी सात होतो.

सातचा चालक बारक्या. अंगानं एवढासा, माझ्या पुढच्या झाकणातून उंदरासारखा आत शिरायचा. चढावर माझं इंजिन धापा टाकायला लागलं की थोपटायचा, "दम खा, म्हातारे, दम खा." मी रणगाडा, पण त्याच्या लेखी गाडी, म्हणजे बाईच.

लढाईला निघायच्या सकाळी साहेब, म्हणजे आमच्या तुकडीचे प्रमुख, रंगाऱ्याला घेऊन आले.

"याच्यावरचा सात पूस, एक काढ. माझ्या गाडीवर सात."

रंगारी घुटमळला. "साहेब, उलटं तर नाही ना होत?"

"शत्रूला चकवायचंय. डोकं चालव जरा."

डोकं चालवलं असतं तर कळलं असतं की चकवायचं शत्रूला होतं आणि मरायचं आम्ही होतं. पण वरचा बोलला की खालच्यांनी डोकं बंद करायचं, ही शिस्त आधीच अंगात मुरवलेली असते. मोठी माणसं त्याला संस्कार म्हणतात.

बारक्याला तर आनंदच झाला. "घ्या, बढती झाली आपली. काम तेच, रंग नवा." रंग वाळेपर्यंत तो टोपीनं वारा घालत उभा राहिला, धूळ बसू नये म्हणून. मीही फुगलो. आज सगळ्यात जास्त लाज वाटते ती त्याचीच. मला तो एक आवडला होता.

पहिला गोळा आमच्यावर आला. दुसराही आमच्यावरच. बाकीच्या रणगाड्यांकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही. सात आकड्याची गाडी मागं टेकाडाआड सुखरूप उभी होती, साहेबांसकट. माझं चिलखत फुटलं ते नेमकं बारक्या बसायचा तिथंच. आतल्या बाकीच्यांनी त्याला ओढून बाहेर काढलं.

युद्धानंतर मी भंगारात गेलो असतो. पण माझ्यावर एक होता आणि छातीला भोक होतं, म्हणजे शोभेला एकदम योग्य. साहेबांची गाडी म्हणून मला इथं आणून ठेवलं. पाटीवर लिहिलंय की गोळा लागूनही साहेब डगमगले नाहीत. डगमगतील कशाला? ते माझ्यात नव्हतेच.

दरवर्षी माझ्यापुढं समारंभ होतो. मागच्या वेळी बारक्या आला, चाकांच्या खुर्चीत. मागं त्याची मुलगी. चौकातला रणगाडा खरा सात आणि तो आपला बाप चालवायचा, असं ती शाळेत सांगायची आणि पोरं तिला थापाडी म्हणायची, कारण चौकात तर एक उभा.

"आज बोलणार ना, बाबा?"

"बोलणार."

"मागच्या वर्षीसारखं गप्प नाही ना बसणार?"

"अगं, माइक हातात येऊ दे, मग बघ."

साहेबांनी त्याला ओळखलं. मंचावरून खाली उतरून आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा माझा चालक. त्या दिवशी मी याच्या मागंच बसलो होतो. काय रे, आठवतं ना?"

माइक बारक्याच्या तोंडापुढं आला. मी वाट पाहिली. बसल्या जागी त्याची पाठ ताठ झाली, हात आपोआप कपाळाकडं गेला.

"होय, साहेब."

टाळ्या पडल्या.

गर्दी पांगल्यावर मुलगी म्हणाली, "काय केलंत हे?"

"म्हातारे झालेत गं ते. चारचौघांत कसं बोलायचं?"

"म्हातारा झाला म्हणून खरा झाला का?"

ती माझ्यावर चढली आणि घराच्या किल्लीनं माझा एक खरवडायला लागली. बारक्या खालून म्हणत होता, "उतर, कुणी बघेल." एकाखालून साताची शेपटी वर आली. दुसऱ्या दिवशी पालिकेच्या रंगाऱ्यानं ती झाकून टाकली.

पुन्हा रंगवाल तेव्हा खालचा सात वर काढा. ते जमत नसेल तर मला वितळवून टाका, माझी तक्रार नाही. निदान माझ्यापुढं कुणी टाळ्या वाजवू नका.

त्या एका आकड्यापायी बारक्याचे दोन्ही पाय गेले, आणि आता त्याची मुलगी त्याच्याशी बोलत नाही.