नक्ष्या कोणी चोरल्या?

मित्रांनो, आज मी टेबलाच्या खणात निपचित पडून आहे. पण एके काळी एका भरतकामाच्या दुकानाचा सगळा कारभार माझ्या पोटात होता. मी संगणकातली हार्ड डिस्क. माझ्या आत गुळगुळीत तबकड्या गरगर फिरायच्या आणि त्यांच्यावर जे लिहाल ते मी सांभाळायचे.

दुकान दोन जावांचे होते. थोरली संगणकावर नक्ष्या काढायची, धाकटी यंत्रावर त्या पडद्यांवर नि अभ्र्यांवर उतरवायची. जुनी नक्षी मी क्षणात काढून दिली, की थोरली म्हणायची, "ही आहे म्हणून आपलं निभतंय." मी मनातून फुलून जायचे.

पुढे माझे वय झाले. आतून टकटक येऊ लागली, पण यंत्रांच्या खडखडाटात ती कोणाला ऐकू जाणार? एकदा बदकांची नक्षी उघडेना. मग गुलाबाची फाइल गायब झाली. त्याच आठवड्यात समोरच्या दुकानात गुलाबाचे पडदे लागले. त्या गुलाबाच्या पाकळ्या निराळ्या होत्या, पण ते पाहायला थोरली थांबली नाही. तिच्या मनात पाल चुकचुकली.

धाकटी जेवायला उठली, की थोरली माझ्यातल्या फायली मोजायची. धाकटी फोनवर हळू बोलली, की हिचे कान टवकारायचे. धाकटीच्या पिशवीत पेनड्राइव्ह दिसला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली. तिने गुपचूप पासवर्ड बदलला.

"ताई, कॉम्प्युटर उघडत नाहीये," धाकटी म्हणाली.

"काय हवं ते मला सांग. मी काढून देईन."

धाकटी आपल्या यंत्राकडे वळली. एका खोलीत दोघी पाठीला पाठ लावून काम करू लागल्या. मला सारे कळत होते, पण टकटकीखेरीज मला दुसरी भाषा नव्हती.

त्या उन्हाळ्यात थोरलीने एका नाट्यगृहाच्या पडद्यासाठी भलीमोठी वेल काढली. शेवटचे पान पुरे झाले आणि दुसऱ्या दिवशी मी बंद पडले.

दुरुस्तीवाल्याने मला कानाशी धरले. "ही बरेच महिने कुरकुरत असणार. फायली एकेक करून जात होत्या का?"

"जात होत्या," थोरली म्हणाली. "मला वाटलं..." ती पुन्हा दुरुस्तीवाल्याकडे वळली. "काही परत मिळेल?"

"तबकडीच खरवडली गेलीये. आशा धरू नका."

धाकटीने पेनड्राइव्ह टेबलावर ठेवला. "बदकं उघडेनात, तेव्हापासून मी कॉपी करून ठेवत होते. पासवर्ड बदललात, तोवरचं सगळं यात आहे."

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, बघू."

बदके गेली ती गेलीच. गुलाब परत आला. वेल मात्र कुठेच नव्हती.

"चुकलं माझं," थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "मी तुझ्यावर संशय घेतला."

"माहीत होतं मला. फायली मोजताना तुमचे ओठ हलतात, दारातून दिसायचं."

वेल दोघींनी मिळून पुन्हा काढली. पहिलीची सर तिला आली नाही, असे थोरली म्हणते.

मित्रांनो, आम्ही कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून मोलाच्या गोष्टींची दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. काही हरवले, तर माणसाकडे बोट दाखवण्याआधी यंत्राला कान लावून पाहा. नवी डिस्क बाजारात मिळते. धाकटी मात्र नव्या संगणकासमोर अजून उभीच राहते आणि विचारते, "ताई, बसू का?"

"बस गं," थोरली म्हणते, आणि स्वतः उठून तिच्यासाठी खुर्ची ओढते.