बाद गठ्ठा

मुलांना वाचायला शिकवताना आधी अक्षरं घोकून घ्यायची की अख्खा शब्दच डोळ्यांपुढे धरायचा, यावर सरकारनं मत मागवलं आणि जनतेला कंठ फुटला. सहा आठवडे ज्यांना मुलं होती ते बोलले. ज्यांना नव्हती ते जास्त बोलले. अक्षरवाल्यांनी आणि शब्दवाल्यांनी आपापले अर्ज छापून घरोघर सह्या गोळा केल्या.

ते सगळे अर्ज शिक्षण खात्यातल्या आवकबाईंच्या टेबलावर येत. आलेला कागद नोंदवायचा आणि त्या-त्या गठ्ठ्यात ठेवायचा. एकाच माणसाची सही दोन्हीकडे सापडली की दोन्ही अर्जांवर लाल शाईनं ‘खोडसाळ’ लिहायचं आणि बाद करायचे. दर शुक्रवारी साहेब गठ्ठ्यांना पट्टी लावत आणि कुणाची उंची जास्त ते वर फोन करून कळवत. वर त्यावरच धोरण ठरणार होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी बाईंना दोन्हीकडे एक ओळखीची सही दिसली. खाली पानासारखा फराटा. त्यांचा सख्खा थोरला भाऊ, बोर्ड रंगवणारा पेंटर! दोन्ही डगरींवर हात! दोन्ही अर्ज बाद करून जेवणाच्या सुट्टीत बाई त्याची फिरकी घ्यायला त्याच्या दुकानाकडे निघाल्या.

“या, या! आज सरकार आमच्या दारी?” चष्म्यावरून बघत भाऊ म्हणाला.

“एक बोर्ड हवाय. आत्ता.” बाईंनी कागदावर लिहून दिलं : ‘या पेंटरवर विश्वास ठेवू नका. सावधान!’

भावानं कागद चिमट्याला लावला. “लाल करू की निळा? गंभीर आहे का सेलबिल आहे?”

“गंभीर,” ओठ दाबून बाई म्हणाल्या.

अक्षरं उमटू लागली, एकापेक्षा एक देखणी. आता हसेल, मग हसेल, म्हणून बाई थांबल्या. ‘सावधान’ पुरं झालं. भावानं त्याला हलकेच सावली दिली, फुंकर मारली आणि मान तिरकी करून विचारलं, “कसं झालंय?”

बाईंनी बोर्डाकडे बोट केलं.

“वाच की, दादा.”

“तूच वाच. माझा चष्मा कुठे...” त्याचा हात नाकाकडे गेला. चष्मा तिथेच होता.

त्यानं चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“पहिलीत अक्षरं घोकली,” तो ब्रश पुसत म्हणाला. “तेवढ्यात अशीच बोंबाबोंब झाली, सरकारनं पुस्तकं परत नेली. दुसरीत नुसते शब्द. तिसरीत पुन्हा बोंब, पुन्हा अक्षरं, पण ती येतातच असं धरलेलं. तू शाळेत आलीस तोवर सगळं थंडावलं होतं. माझं वळण बघून गुरुजी खूश. वळणदार लिहिणाऱ्याला वाचता येतं का, असं कोण विचारतं?”

“मी हॉस्टेलवरून चार वर्षं तुला पत्रं लिहिली!”

“सगळी जपून ठेवलीत. अक्षर छान आहे तुझं.”

“आणि त्या अर्जांवर सह्या?”

“गिऱ्हाइकं कागद पुढे करतात. काय आहे विचारलं तर म्हणतात, वाच ना.” मग आवाज खाली आणून म्हणाला, “कुणाला बोलू नकोस, चिमणे. पोट आहे यावर. पण या बोर्डावर लिहिलंय तरी काय?”

बाईंनी टर्पेंटाइनचं फडकं उचललं आणि ओला बोर्ड खसाखसा पुसून काढला.

“अगं, अगं! काय चुकलं?”

“मजकूर चुकला. तुझं काही नाही.”

ऑफिसात साहेबांनी नुकतीच पट्टी ठेवली होती. “अक्षरवाले सव्वा इंच पुढे. लावा फोन.”

बाईंनी कपाट उघडलं. बाद गठ्ठा काढला. सहाशेच्या वर माणसं, प्रत्येकाच्या दोन सह्या, आणि प्रत्येकीवर लाल शाईत, बाईंच्याच अक्षरात, ‘खोडसाळ’. त्यांनी गठ्ठा साहेबांपुढे ठेवला.

“हाही मोजा.”

“खोडसाळ लोकांना कशाला मोजायचं?”

“त्यांना कागदावर काय आहे ते वाचता आलं नसेल, साहेब. सगळ्यांचं नाही सांगत. एकाचं शपथेवर सांगते.”

“कोण तो?”

वरच्या अर्जावरच्या फराट्यावर बाईंनी तळहात ठेवला. “नाव नाही सांगणार. तुम्ही पट्टी लावा.”

साहेबांनी लावली. पाच इंच भरले. पलीकडे वरून आलेला फोन वाजत होता; त्यांनी उचलला नाही.