दुसऱ्याच्या मापाने

सुई सीलबंद पाकिटातूनच निघते आहे ना, हे अमृतराव वाठोऱ्यांनी वाकून पाहिलं. मालनबाईंचं रक्त नळीत उतरलं आणि काउंटरवरच्या बाईने नळीवर छापील चिठ्ठी चिकटवली. तेव्हा "जरा थांबा" म्हणून त्यांनी नळी हातात मागून घेतली, खिडकीच्या उजेडात धरली आणि चिठ्ठीवरचं नाव अक्षर अक्षर वाचलं. नाव बराबर होतं. नळी परत करताना त्यांनी मशीनकडे बोट दाखवून विचारलं की याच्यावर पडताळणीचा शिक्का कुठे आहे.

बाई नुसती हसली. मालनबाई कापसाचा बोळा दाबून खुर्चीत बसल्या होत्या, त्यांनी मान फिरवली. नवऱ्याची लाज वाटायचे दिवस कधीच मागे पडले होते. अमृतरावांनी उभी नोकरी वजनमापं निरीक्षक म्हणून काढली. जवळा बाजारच्या बाजाराच्या दिवशी त्यांची जीप दिसली की काट्यावरची माणसं पारड्याखाली काय काय दडवलंय ते काढायला पळायची. नोकरी संपली, पण नजर काही निवृत्त झाली नाही. गॅसची टाकी घरात घेण्याआधी ते ती वजन करून घेत. त्यांच्या गावातला, हट्ट्यातला भाजीवाला त्यांना बघितलं की स्वतःहूनच दोन मिरच्या जास्त टाकायचा, आणि त्या का टाकल्या याचाही त्यांना संशय यायचा.

आज तर संशयाला जागाच जागा होती. पहाटेपासून मालनबाईंच्या पाठीत, दोन्ही खांद्यांच्या मधोमध दुखत होतं. दुखणं वर सरकून जबड्यात आलं, अंगाला घाम सुटला. आणि नेमकं आजच साखऱ्याला जायचं होतं. अमृतरावांची बहीण रुक्माबाई, तिच्या मुलाचं उद्या लग्न. नणंद-भावजयीचं बोलणं एका बारशाच्या जेवणावरून बंद पडलं होतं, ते अजून धड सुरू झालं नव्हतं. मागच्या खेपेला साखऱ्याचं निघालं तेव्हा मालनबाईंचा गुडघा धरला होता. त्याच्या आधीच्या खेपेला डोकं. अमृतरावांनी हे सगळं मनाशी मांडून ठेवलं होतं.

सकाळी बहिणीचा फोन आला तेव्हा ते अंगणात जाऊन बोलले, पण आवाज मोठा.

"हिचं दुखणं मला म्हाईत हाय, रुक्मे. दुपारपस्तोर उतरंल."

मालनबाई चुलीशेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांनी ते ऐकलं. घटकाभराने बाहेर येऊन एवढंच म्हणाल्या की मला दवाखान्यात न्या. सगळ्या संसारात हे त्या पहिल्यांदा म्हणत होत्या, आणि अमृतरावांना त्याचाही संशय आला.

वसमतला डॉक्टर करुणा पाईकराव यांनी नुकताच दवाखाना टाकला होता. तरुण पोरगी, बोलायला गोड. अमृतरावांच्या हिशेबी गोड बोलणं हा काही चांगुलपणाचा पुरावा नव्हता. तिने छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, ती उलटसुलट बघितली आणि म्हणाली की यावरून नक्की सांगता येत नाही. एक गोळी चावायला दिली. मग ट्रोपोनिन नावाची तपासणी लिहून दिली. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की हा पदार्थ रक्तात उतरतो, आणि अगदी थोडा उतरला तरी शेजारच्या लॅबमधलं नवं मशीन पकडतं, असं तिने समजावून सांगितलं. शेवटी म्हणाली की तीन तासांनी परत एकदा रक्त घेऊ, तोवर काकूंना इथेच पडू द्या, माझ्या नजरेसमोर.

तिथे अमृतरावांचे कान टवकारले. पहिल्याचा निकाल यायचा आहे आणि दुसरं आधीच ठरलंय. त्यांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. रक्त काढलं, परत काढलं, नांदेडला नेलं आणि हृदयाच्या नळीत स्प्रिंग बसवून परत पाठवलं. ती स्प्रिंग लागतच नव्हती, असं अमृतरावांचं ठाम मत होतं. भाऊ तेव्हापासून रोज खुशाल शेतात जाऊन येत होता, पण त्याचं मत कुणी विचारलं नव्हतं.

त्यामुळे रक्त देऊन झाल्यावर त्यांनी मालनबाईंना खाटेवर निजू दिलं नाही. एकदा खाटेवर पाठ टेकली की माणूस भरती झालाच, हे त्यांचं म्हणणं. दोघं बाहेर निंबाखालच्या बाकावर बसले. मालनबाई थोड्या थोड्या वेळाने जबड्यावर हात फिरवत होत्या. अमृतराव फोनकडे बघत होते.

रिपोर्ट फोनवर आला. त्यांनी तो मोठा करून वाचला. आकडा बावीस. त्याच्या पुढे मर्यादा छापलेली, चौतीसपर्यंत. बारा कमी. यात तपासण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

"बावीस आलंय. चौतीसपस्तोर चालतं. तुला काही न्हाई."

"पण दुखून राहिलं."

"मशीन काय खोटं बोलंल?"

सकाळी ज्या मशीनचा शिक्का ते शोधत होते, ते आता त्यांच्या बाजूने बोलत होतं. मालनबाईंनी फोनकडे पाहिलं. पडद्यावरचे बारीक आकडे त्यांना चष्म्याशिवाय दिसत नव्हते, आणि चष्मा घरी राहिला होता. त्यांनी जबडा बोटांनी चाचपला. कुठे दुखतंय ते शोधून बघितलं. पाठ सरळ केली. दुखत तर होतं, पण आता त्यांना स्वतःचाच भरवसा वाटेना. साखऱ्याचं नाव निघालं की आपल्याला काहीतरी होतं, हे खोटं नव्हतं. गुडघा दुखला होता तोही तिकडच्या निरोपानंतरच. मनातलं असं अंगात उतरत असेल काय? घाम काय, उकाड्याने कुणालाही येतो. बाईमाणसाने मशीनच्या पुढे किती बोलायचं?

"चला मंग," त्या म्हणाल्या. "साखऱ्याला जाऊ. रुक्माबाईंनी मला लईच वाईट म्हणू नये."

त्या बाकाचा हात धरून उठल्या आणि तशाच उभ्या राहिल्या, श्वास जमवत. अमृतरावांना वाटलं, ही मुद्दाम वेळ काढते आहे. रिक्षा समोरच उभी होती. ते तिला घेऊन सरळ निघाले असते तर दुपारच्या आत बसमध्ये बसले असते. पण चोरी पकडल्यावर चोराला दोन शब्द सुनावल्याशिवाय उठणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. पहिलं रक्त चांगलं निघाल्यावर दुसऱ्याचा काय संबंध, हे त्या पोरीच्या तोंडून वदवून घ्यायचंच होतं. मालनबाईंना परत बाकावर बसवून ते भांडायला आत गेले.

डॉक्टर करुणांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं. काकू कुठे आहेत, हे मात्र दोनदा विचारलं. अमृतरावांनी ते कानाआड केलं. त्यांचा पहिला प्रश्न होता, ही चौतीसची रेघ आखली कोणी?

तिने सांगितलं, धडधाकट माणसांचं रक्त तपासतात, पुष्कळ माणसांचं. शंभरातल्या नव्व्याण्णवांचा आकडा ज्याच्या आत बसतो, तिथे रेघ मारतात. आणि प्रत्येक कंपनीच्या मशीनची रेघ वेगळी.

"दर दुकानात वेगळं किलो?" अमृतरावांनी विचारलं. "आणि धडधाकट माणसं कुठली? हट्ट्याची घेतली व्हती का?"

"हट्ट्याची नाही घेतली, काका. तुमचा प्रश्न बरोबर आहे. म्हणूनच मी एका आकड्यावर विसंबत नाही. पहिलं कितीही येवो, दुसरं घ्यायचंच होतं. आकडा चढतो की जागेवर राहतो, ते बघायचं असतं. द्या बघू फोन."

फोन देताना अमृतरावांना जिंकल्यासारखं वाटत होतं. तिने रिपोर्ट वाचला. मग बोटाने वर सरकवून परत पहिल्यापासून वाचला.

"काका, हा रिपोर्ट कोणाचा आहे?"

"हिचा. आताच आला."

"यावर नाव तुमचं आहे."

"मंग? नंबर माझा हाय." ते शांतपणे, लहान लेकराला सांगावं तसं सांगू लागले. घर त्यांच्या नावावर, गॅस त्यांच्या नावावर, वीज, रेशनकार्ड, बँकेचा संदेश येतो तो फोन, सगळं त्यांच्याच नावावर. मालनच्या नावाने कुठे काय असतं? काउंटरवर नंबर विचारला, त्यांनी दिला. गेल्या दिवाळीत त्यांनी रक्तातली साखर तपासली होती तेव्हाचं नाव संगणकात निघालं, त्याच नावाची चिठ्ठी निघाली. ते पुढे म्हणाले, "मी सोता वाचली ना. उजेडात धरून. नाव बराबर व्हतं."

हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं आणि त्यांनी फोन परत घ्यायला हात पुढे केला.

डॉक्टर उठल्या होत्या. उठता उठता बोलत होत्या. "अमृतराव वाठोरे, पुरुष, वय सदुसष्ट. मशीनने पुरुषाची रेघ छापली, काका. चौतीस ती पुरुषाची. बाईची या मशीनला सोळा आहे. काकूंचं बावीस म्हणजे वर गेलेलं आहे. कुठे आहेत त्या?"

अमृतरावांनी बाहेर बाकाकडे बोट दाखवलं. सोन्याचा काटा वेगळा आणि कापसाचा वेगळा, हे त्यांनी किती दुकानदारांना दरडावून सांगितलं होतं. कापसाच्या काट्यावर सोनं टाकलं तर काटा हलतच नाही, आणि माणूस शपथेवर सांगतो की पारड्यात काही नव्हतं. असा माणूस सापडला की ते त्याला खोटारडा म्हणत नसत. बिनडोक म्हणत.

मालनबाई बाकावर नव्हत्या. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. नवऱ्याचं भांडण कुठवर गेलं ते बघायला उठून आल्या होत्या, आणि डॉक्टरांचं शेवटचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. डॉक्टरांनी त्यांना दंडाला धरून खाटेवर निजवलं. निजता निजता त्यांनी विचारलं,

"म्हंजे मॅडम, मला दुखून राहिलं ते खरं हाय?"

"खरं आहे, काकू."

मालनबाईंनी डोळे मिटले आणि त्यांचा चेहरा सैल पडला. बरं वाटलं त्यांना. तालुक्याच्या कचेरीत खेटे घालून एकदाचं काम झालेल्या माणसाला वाटतं तसं. हृदयाला काही झालंय म्हटल्यावर बाई रडेल, घाबरेल, असं अमृतरावांना वाटलं होतं. ती सुटल्यासारखी पडून होती.

दुसरं रक्त डॉक्टरांनी खाटेवरच घेतलं. लॅबमधली काउंटरवरची बाई स्वतः नळी न्यायला आली, खाली मान घालून. तिने नाव विचारलं तेव्हा सवयीने अमृतरावांचं तोंड उघडलं आणि त्यांनी ते मिटलं. मालनबाईंनी स्वतःचं नाव सांगितलं. नंबर विचारल्यावर मला नंबर न्हाई म्हणाल्या. बाईने तो रकाना मोकळा सोडला.

आकडा एकोणसाठ आला. चढत होता. आता त्याच्यापुढे सोळाची मर्यादा छापलेली होती आणि आकड्याखाली काळी जाड रेघ. डॉक्टरांनी दंडात औषध दिलं, नांदेडला फोन लावला, गाडी मागवली. तिथे परत घोळ नको म्हणून त्यांनी चिकटपट्टीचा तुकडा मालनबाईंच्या मनगटाभोवती गुंडाळला आणि त्यावर पेनाने ठळक अक्षरांत नाव लिहिलं. अमृतराव सगळं बघत होते. औषधाची बाटली बघितली नाही, तारीख वाचली नाही, काही विचारलं नाही.

गाडीत चढताना रुक्माबाईचा फोन आला. उतरलं का दुखणं, तिने हसत विचारलं. अमृतरावांनी तिला सांगितलं की आमी येऊ शकत न्हाई, नांदेडला निघालो. ती काही तरी म्हणायला लागली तेव्हा त्यांनी तिला थांबवलं.

"न्हाई रुक्मे. सकाळी मी बोललो ते चुकीचं व्हतं."

एवढं बोलून त्यांनी फोन खिशात टाकला. मालनबाईंनी ऐकलं की नाही, ते कळलं नाही. त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता.

गाडी हलली. थोडं अंतर गेल्यावर मालनबाईंनी मोकळा हात वर उचलला आणि मनगट खिडकीच्या उजेडाकडे धरलं. डोळे बारीक केले. गाडीच्या धक्क्याने अक्षरं सरकत होती, तरी त्या नेटाने बघत होत्या. अमृतराव पुढे वाकले.

"काय बघून राहिलीस?"

त्यांनी मास्क जरा बाजूला केला.

"नाव," त्या म्हणाल्या. "परत तुमचं तर न्हाई ना घातलं."

चौथीपर्यंत शिकलेल्या मालनबाईंनी ओठ हलवत एकेक अक्षर लावलं, शेवटपर्यंत गेल्या, आणि खात्री पटेना म्हणून परत पहिल्यापासून सुरू केलं. मग त्यांनी मास्क तोंडावर ओढला आणि तो हात पदराखाली घेतला. नांदेड येईपर्यंत अमृतराव त्या पदराकडे बघत बसले.