पेत्रूंच्या खोलीतलं मिनिट

मी कधीच न गेलेल्या खोल्यांमध्ये मी आयुष्याची बरीच वर्षं काढली आहेत. ग्लासगोमधल्या एका निवृत्त गोदी कामगाराचं स्वयंपाकघर, वेल्समधल्या एका शाळेची कपाटांनी भरलेली स्टाफरूम, हल शहरातल्या एका विधवेची माळ्यावरची खोली. कुठलं दार कुरकुरतं, कुठला फ्रिज किती वेळानं हुंकारतो, हे मला डोळे मिटून सांगता येईल. पाय मात्र एकीतही ठेवलेला नाही. मी टेलिव्हिजनची एडिटर. लोक हिंडून येतात, टेप्स माझ्या टेबलावर ओततात, आणि मी लंडनच्या सोहोतल्या एका बिनखिडकीच्या खोलीत बसून त्यांच्या हिंडण्याला आकार देते. स्वप्नात माणूस तिकिटाशिवाय कुठेही पोचतो, तसा माझा प्रवास. माझा नवरा राजीव रीडिंगच्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ आहे. तो म्हणतो, "वैजयंती, आपलं दोघांचं काम एकच. माणसं गप्प करायची."

त्यात तथ्य आहे. मुलाखत संपली की प्रत्येक ठिकाणी खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतात. वाक्य कापलं की तिथे भोक पडतं, ते बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते. दुसरीकडची चालत नाही, ठिगळ लगेच कानाला कळतं. बाकीचे लोक वीस सेकंदांत उरकतात. इलिंका दोब्रे पूर्ण एक मिनिट घ्यायची. ज्याची मुलाखत घेतली त्यालाही उठू द्यायची नाही. सगळ्यांनी हाताची घडी, तोंडावर बोट. मी तिला विचारलं होतं, एवढं कशाला गं? ती म्हणाली, "माणसं बोलायची थांबली की खोली बोलते." आम्ही अर्थात इंग्रजीत बोलायचो, पण मला ती आठवते ती मराठीतच. हे कसं होतं, मला माहीत नाही.

इलिंका प्रोड्यूसर, आणि त्याआधी पत्रकार. ती तीन वर्षांची असताना बुखारेस्टमध्ये तिची आई गेली, आणि पुढच्या वर्षी वडील तिला घेऊन एडिनबराला आले. वडिलांचं नाव पेत्रू. ते रेडिओ दुरुस्त करायचे. ती सांगायची, "आमच्या घरात रेडिओ बोलायचे, माणसं नाही." एकोणिसाव्या वर्षी ती तिथल्या एका पेपरात हरवलेल्या कुत्र्यांच्या आणि चर्चमधल्या केक-विक्रीच्या बातम्या लिहू लागली. एकोणनव्वदच्या डिसेंबरात रोमानियात उठाव झाला. लंडनच्या एका न्यूजरूमला कुणीतरी सांगितलं, एडिनबराला एक पोरगी आहे, तिला ती भाषा येते. तिला गाडीत घालून आणलं, कानांवर हेडफोन चढवले आणि तिकडून येणाऱ्या फोनचं भाषांतर करायला बसवलं. चार दिवस ती अनोळखी माणसांचं रडणं आणि ओरडणं इंग्रजीत सांगत राहिली. "आईच्या भाषेत इतकी माणसं एकदम बोलताना मी पहिल्यांदा ऐकली," ती म्हणाली होती. "त्यातल्या प्रत्येक बाईच्या आवाजात मी तिला शोधत होते." मग ती टेलिव्हिजनमध्येच राहिली. सतरा वर्षांत तिनं अर्ध्या ब्रिटनला बोलतं केलं असेल. समोरच्याकडे ती अशी बघायची की दगडालाही वाटावं, आपल्याला काहीतरी सांगायचं आहे.

तिची एकच खोड मला सहन व्हायची नाही. विचार करताना ती टेबलावर बोटं आपटायची. तीन ठोके सावकाश, मग थांबा, मग दोन जलद. तीन, थांबा, दोन. दिवसभर. मी कानात प्राण आणून एखाद्या बाईचा श्वास जुळवत असायची आणि हिचं आपलं चालू. "इलिंका, टेबल!" मी ओरडायची. ती "सॉरी, सॉरी" म्हणून हात खिशात घालायची, आणि पाच मिनिटांनी पुन्हा सुरू. जित्याची खोड, दुसरं काय.

दोन हजार सातच्या जानेवारीत रोमानिया युरोपियन युनियनमध्ये आला. इथले पेपर आता किती लोक येणार याचे आकडे रोज छापू लागले. चॅनेलला त्यावर फिल्म हवी होती, विमानतळ, सुटकेसा, रांगा. इलिंका म्हणाली, "मी एकाच माणसाची फिल्म करते. छत्तीस वर्षांपूर्वी आलेल्या." सगळ्यांना वाटलं ही हुशारी आहे. मला माहीत होतं, तिला वडिलांना एक प्रश्न विचारायचा होता, आणि कॅमेऱ्याशिवाय विचारायची तिची हिंमत नव्हती. आईचा एक फोटो होता, पण आठवण एकही नव्हती. आवाज नाही, वास नाही, स्पर्श नाही. चाळिशीची बाई, आणि तिला एवढंच हवं होतं की, आई आपल्याला झोपवायची कशी.

टेप्स आल्या. पेत्रूंच्या त्या एडिनबराच्या खोलीत मी मार्चचे तीन आठवडे राहिले म्हणा ना. तिसरा मजला, खाली बसचा रस्ता, खिडकीबाहेर समुद्रावरून आलेलं दाट धुकं. समोरची घरं त्यात विरघळून गेलेली. भिंतीवर उघडलेले रेडिओ. मधोमध खुर्चीत पेत्रू, ऐंशीला टेकलेले, मांडीवर एक हिरवी उशी घेऊन. ती उशी मला खटकायची. ते तिला कधी उभी धरत, कधी आडवी, आणि माझे शॉट जुळेनात.

ते सगळ्यावर बोलले. ट्रान्झिस्टरवर, एडिनबराच्या थंडीवर, रेडिओच्या लहरी धुक्यातून कशा येतात त्यावर. शेवटी इलिंकानं विचारलं, "बाबा, आई मला झोपवायची कशी? गाणं म्हणायची?"

पेत्रूंनी मांडीवरची उशी आडवी केली. मग म्हणाले, "आठवत नाही."

"काहीच नाही?"

"इतकी वर्षं झाली, इलिंका. आठवत नाही."

मग तिचा आवाज, अगदी कोरडा, "ठीक आहे. आता एक मिनिट शांतता." कॅमेऱ्यावर झाकण घातलेलं, म्हणून चित्र काळं. नुसती खोली ऐकू येत होती. आणि त्या शांततेत धप, धप, धप. थांबा. धप धप.

माझं डोकं फिरलं. निदान आज तरी! बापाच्या घरी, सगळ्यात महत्त्वाच्या मुलाखतीत, हिनं बोटं आपटून माझी शांतता नासवली होती. फिल्मला तीच शांतता हवी होती, दुसरी नव्हती. दोन तास बसून मी एक-एक ठोका कापून काढला आणि मधली स्वच्छ शांतता वापरली. कापलेले तुकडे कॉम्प्युटरमध्ये एका बाजूला ढकलले. अशा जागेला आमच्याकडे 'बिन'च म्हणतात, कचरापेटी. मी तिला नाव दिलं, 'इलिंकाचा कचरा'. तिला बोलले नाही. आधीच ती त्या "आठवत नाही"वर पडदा काळा करून फिल्म संपवणार होती, तिला आणखी काय बोलायचं?

मे महिन्यात फिल्म लागली. पेत्रूंनी फोन करून सांगितलं, "माझे केस फार विरळ दिसतात." जूनमध्ये ते झोपेतच गेले. टेप्स आमच्या कंपनीनं नियमाप्रमाणे पुसून दुसऱ्या कामाला लावल्या. इलिंका कामावर यायची, पण बोटं आपटायची बंद झाली होती. मला त्या गप्प टेबलाची भीती वाटायला लागली.

सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या घरी बारसं होतं. लेक ईशिताला मुलगा झाला होता. ईशिता इथेच जन्मलेली, तिचं मराठी तसंच. सकाळपासून तिचं चाललं होतं, "आई, पाळणा कुठे ठेवायची? फायर अलार्मच्या खाली नको हं, कापूर लावणार ना तुम्ही लोक." शेवटी पाळणा म्हणून दुकानातली वेताची टोपली दोन दोरांनी कन्झर्व्हेटरीच्या, म्हणजे मागच्या काचेच्या खोलीच्या, तुळईला टांगली, वर झेंडूची माळ सोडली. मी इलिंकालाही बोलावलं होतं. ती कोपऱ्यात कोट घालून उभी होती, हात खिशात.

बाळाला पाळण्याखालून-वरून एकीकडून दुसरीकडे द्यायचं सुरू झालं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. इल्फर्डहून आलेल्या बाळाच्या आत्यानं गडबडीत ते गाठोडं सरळ इलिंकाच्या हातात दिलं. इलिंका घाबरली. तिला मूलबाळ नाही, लहान मूल बहुधा तिनं शूटिंगखेरीज धरलेलंही नसावं. बाळ रडायला लागलं. तिनं ते खांद्याशी घेतलं, आणि तिचा तळहात आपोआप त्याच्या पाठीवर पडू लागला. तीन सावकाश, थांबा, दोन जलद. दुलईवर पडणारा आवाज मऊ होता. धप, धप, धप. थांबा. धप धप. बाळ हळूहळू निवांत झालं.

मला ती पुन्हा वाजवताना बघून इतकं बरं वाटलं, की उचलली जीभ लावली टाळ्याला. "हेच, हेच! तुझ्या बाबांच्या खोलीत हेच करून माझं मिनिट नासवलंस तू. दोन तास कापत बसले होते, माहितेय?"

"कुठलं मिनिट?"

"शेवटचं. 'आठवत नाही'नंतरचं."

ती बाळाला थोपटायची थांबली. "त्या मिनिटात मी खिडकीपाशी होते, वैजयंती. खाली बस गेली की काच थरथरायची, म्हणून दोन्ही हातांनी दाबून धरली होती. बाबांकडे पाठ होती माझी." आणि मग, अगदी हळू, "मी वाजवत नव्हते."

भोवती बायका पाळणा म्हणत होत्या, कुणीतरी पेढे फिरवत होतं. मला मात्र ती धुक्यातली खोली दिसत होती, आणि मांडीवर आडवी घेतलेली हिरवी उशी.

"इलिंका," मी म्हणाले, "बाळाला थोपटत राहा. थांबू नकोस." मी इतकी ओशाळले होते की तिच्याकडे बघवेना. मी दोन पोरं वाढवली, रात्र-रात्र थोपटलं, आणि थोपटणं कानावर आलं तर त्याला कचरा म्हणून मोकळी झाले.

आणि उद्या एक तारीख. मूळ टेप्स तर पुसल्याच होत्या, आणि ते कापलेले तुकडे ज्यांवर होते त्या कंपनीच्या जुन्या कामांच्या डिस्क सोमवारी सकाळी दहाला रिकाम्या होणार होत्या.

सोमवारी इलिंका आणि मी रीडिंगहून पहिल्या फास्ट ट्रेननं निघालो. थेम्सच्या कडेकडेनं गाडी जात होती, शेतांवर धुकं होतं. सव्वाआठला मी माझ्या खोलीत कॉम्प्युटर लावला. 'इलिंकाचा कचरा' तिथेच होता. तिनं ते नाव वाचलं. मी म्हणाले, "माफ कर." ती म्हणाली, "पुढे."

एकूण बासष्ट तुकडे. प्रत्येक तुकडा डोळ्यांची पापणी लवण्याएवढा, फक्त शेवटचा थोडा लांब, मिनिटाच्या शेपटासकट. पण टेपवरच्या प्रत्येक क्षणाला आकड्यांत लिहिलेली त्याची जागा असते, तास, मिनिट, सेकंद, आणि सेकंदाचा पंचविसावा भाग. माणसं विसरतात, ते आकडे विसरत नाहीत. एकेक तुकडा मी त्याच्या जागी परत ठेवत गेले. मधली शांतता फिल्ममधून उचलून भरली. तीच खोली, तेच धुकं, त्यामुळे ठिगळ कुठे दिसलं नाही. दहाला दहा कमी असताना शेवटचा तुकडा बसला.

इलिंकानं दोन्ही हात कोटाच्या खिशात खोल घातले. मग मी आवाज सोडला.

खोली आली. दूरवर बस. म्हाताऱ्या माणसाचा श्वास. मग उशीवर तळहात. तीन, थांबा, दोन. घाई नाही, चूक नाही. छत्तीस वर्षं कुणालाही न थोपटलेला हात, पण त्याला सगळं पाठ होतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. ही बाई सतरा वर्षं अख्ख्या देशाला प्रश्न विचारत फिरली, आणि उत्तर रोज माझ्या टेबलावर आपटत होतं. मी मात्र तिला दटावत होते. मला रडू आवरेना.

साठाव्या सेकंदाला इलिंकाचाच आवाज आला, चटपटीत, कामाचा. "थँक यू, झालं सगळं." आणि ठोका थांबला. तीनातल्या दुसऱ्यावर.

"मीच थांबवलं त्यांना," ती म्हणाली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. "अजून एक मिनिट घेतलं असतं तर."

मी रेकॉर्डिंगमधले तिचे ते चार शब्द निवडले आणि कापून टाकले. आयुष्यात कापलेल्या सगळ्यांत तेवढेच मला कापल्यासारखे वाटले. मग कोऱ्या टेपवर उतरवत पुन्हा सुरुवातीपासून लावलं.

या वेळी दुसऱ्या ठोक्यानंतर कुणीच काही बोललं नाही. नुसती खोली. घड्याळात दहाला पाच कमी होते. इलिंकानं उजवा हात खिशातून काढला, टेबलावर ठेवला, आणि राहिलेला तिसरा ठोका दिला. थांबली. मग दोन.

मी तिला टेबल वाजवू नकोस म्हणाले नाही.