तीन तुकड्यांची सळई

माहेरवाशिणीचं पहिल्या दिवशी कौतुक होतं, दुसऱ्या दिवशी चौकशी होते आणि तिसऱ्या दिवशी तिला कामाला जुंपतात. ही आत्या चार वर्षांनी पंधरा दिवसांसाठी आली होती आणि तिला दुसऱ्याच दिवशी जुंपलं. काम होतं भाचीची समजूत काढायचं.

भाची सतरा वर्षांची. लहानपणी गालात बिस्किटं साठवून ठेवायची, म्हणून घरात तिला सगळे खारू म्हणत. नेमबाजीच्या निवड स्पर्धेला बारा दिवस उरले होते आणि तिने नाव मागे घ्यायचं ठरवलं होतं. माझा हातच नाही त्यातला, एवढंच ती म्हणे. तिच्या वडिलांनी, म्हणजे आत्याच्या दादाने, परोपरीने सांगून पाहिलं होतं. पालथ्या घड्यावर पाणी.

खरं तर त्या समजावण्यातच घोळ होता. खारू सराव करायची ती बारीक नळीची पॉइंट टू टू रायफल मूळची तिच्या आजोबांची. तिच्यावर आत्याने कॉलेजात असताना ढाल जिंकली होती, आणि ती ढाल अजून बाहेरच्या खोलीत होती. आजोबांमागे परवाना दादाच्या नावावर झाला. दादा लेकीला दर वेळी सांगे, "रायफलीत काही दोष नाही, बाळा. आत्या ठेवून गेली तशीच्या तशी आहे. मी डोळ्यांत तेल घालून जपलीय." आता रायफल तीच आणि गोळ्या मात्र भलतीकडे, तर मग दोष कुणाचा राहिला? पोरीने आपलं उत्तर काढलं होतं. बापाच्या ते गावीही नव्हतं.

शनिवारी आत्या खारूबरोबर रेंजवर गेली. वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून तिने स्वतः दहा गोळ्या झाडल्या. एके काळी तिच्या गोळ्यांवर एक नाणं ठेवलं तर सगळ्या झाकल्या जात. आज त्या तळहाताएवढ्या जागेत विखुरल्या. आत्याने चष्म्याला दोष दिला. खारूचा चेहरा आणखी पडला. आत्यासारखीला जमत नाही म्हटल्यावर तिला धीर यायला हवा होता. ती पोर मात्र म्हणाली, "तुझं वय झालंय, आत्या. माझं काय झालंय?"

रविवारी सकाळी न्याहारीची भांडी उचलल्याबरोबर दादाने टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं आणि पत्र्याचा डबा काढला. आत्या चहा घेऊन समोर बसली. डब्यातली एकेक वस्तू बाहेर आली आणि तिला भरून आलं. तीन तुकडे एकमेकांत फिरवून जोडायची लोखंडी सळई. शिवणयंत्राच्या तेलाची बाटली. जुन्या शर्टाचे चौकोनी कापलेले तुकडे, एकावर एक नीट रचलेले. तो तेलाचा वास आला आणि ती सोळा वर्षांची झाली. रेंजवरून आली की ती दप्तर फेकून पलंगावर आडवी व्हायची, आणि रायफल घेऊन बसायचा तो दादा. ढाल तिची, चिंध्या त्याच्या. त्याने कधी त्याची कुरबुर केली नाही. उलट, आज नळी किती काळी निघाली यावरून तुझा सराव किती झाला ते मला कळतं, असं म्हणून तो तिला चिडवायचा.

आजोबांचा एक कडक नियम होता. रायफलीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत सारणारा मागचा दांडा, मागे ओढायचा, पण मुलांनी तो बाहेर काढायचा नाही. आजोबांना जाऊन वीस वर्षं झाली, मुलाचे केस पिकले, तरी त्याची तो काढायची छाती झाली नव्हती. बोल्ट आत असला की मागून सळई जात नाही. त्यामुळे दादाने लहानपणीसारखीच नळीच्या पुढच्या तोंडातून सळई घातली. जोडाच्या जागी ती काठाला घासली आणि बारीक कर्र असा आवाज झाला.

आत्याने कप खाली ठेवला. गोळी नळीतून सुटते ती शेवटी त्या काठाला शिवून. तो काठ एका बाजूने झिजला की नेम कितीही चांगला असो, गोळी वाकडी जायची. तिचे प्रशिक्षक हे ओरडून ओरडून सांगत, आणि तिने ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं होतं, कारण साफ करणारा घरी होता.

इकडे आड, तिकडे विहीर. बोलावं, तर दादाचे इतके रविवार एका वाक्यात मातीमोल. न बोलावं, तर पोरगी आयुष्यभर स्वतःला नालायक समजणार. आत्याने तेव्हा चहा संपवला आणि कप विसळला. दादा तेवढ्यात म्हणाला की डब्यातल्या ब्रशचे केस झडलेत, नळीत गोळ्यांचं शिसं राहत असेल, रायफल क्लबच्या मिस्त्रीकडून नवा आणू. तशीच नवी सळईही घेऊ. आत्याने मनाशी एक थाप रचली आणि चप्पल घातली. रायफल घेऊन खारूसकट तिघं निघाली.

मिस्त्रीचं दुकान क्लबच्या मागच्या पत्र्याच्या खोलीत होतं. माणूस हाताचा हलका आणि तोंडाचा फटकळ. त्याने रायफल घेतली आणि एका झटक्यात बोल्ट काढून टेबलावर ठेवला. दादाने मान दुसरीकडे वळवली. मिस्त्रीने डोळ्याला भिंग लावून नळीचं तोंड दिव्याखाली फिरवून पाहिलं.

"पुढून सळई कोण घालतं?" त्याने विचारलं.

"मी," आत्या घाईने म्हणाली. "म्हणजे तेव्हा. कॉलेजात होते तेव्हा मीच साफ करायचे, पुढूनच, कशीबशी."

दादा तिच्याकडे बघत राहिला. मग हसला.

"हिने जन्मात कधी चिंधीला हात लावला नाही," तो मिस्त्रीला म्हणाला. "नखं काळी व्हायची हिची."

त्याने भिंग मागून घेतलं. खालच्या बाजूला काठ झिजून उतार झाला होता, तो मिस्त्रीने टाचणीने दाखवला. दादा खूप वेळ वाकून बघत होता. सरळ झाला तेव्हा त्याने बहिणीकडे पाहिलं नाही, लेकीकडे पाहिलं.

"तुझा हात चांगला आहे, बाळा. नळी मी बिघडवलीय."

खारूने बापाचं मनगट धरलं आणि मिस्त्रीला विचारलं, स्पर्धेपर्यंत काही होईल का. मिस्त्री म्हणाला, स्पर्धेपर्यंत कशाला, टोकाचा अर्धा इंच कापून नवा काठ करतो, परवा घेऊन जा. मग त्याने एकेक हत्यार दादापुढे मांडलं. वरून प्लास्टिक चढवलेली एकसंध लांब सळई, बिनजोडाची. सळई मधोमध राहावी म्हणून मागच्या बाजूला बसवायची छोटी नळी. पितळी ब्रश, याच मापाचा, तोही कधीमधीच, एरवी चिंधी पुरते. बोल्ट काढायचा आणि मागून पुढे ढकलायचं, आल्या वाटेने घासत आणायचं नाही. दादा शाळेतल्या पोरासारखा प्रत्येक वस्तू हातात घेऊन बघत होता. पाच वर्षांच्या मुलाला विजार घालायला शिकवावं तसं मिस्त्री त्याला बोल्ट काढायला आणि बसवायला शिकवत होता.

"साफ कधी करता?" मिस्त्रीने विचारलं.

"दर रविवारी."

"आणि आठवड्याला गोळ्या किती जातात?"

"खारूने गेल्या वर्षी हातात घेतली. त्याआधी एकही नाही."

"त्याआधी किती वर्षं साफ करताय?"

"हिचं लग्न झाल्यापासून. सव्वीस."

मिस्त्रीने चष्मा कपाळावर सरकवला. "न झाडलेल्या रायफलीला दर रविवारी साफ करायची काय गरज होती, साहेब?"

दादाने नवी सळई उलटसुलट करून पाहिली.

"रायफलीला नव्हती," तो म्हणाला.

आत्याने सव्वीस वर्षांत त्याला कधी रविवारी फोन केला नव्हता. भावाच्या खांद्यावर डोकं ठेवून ती तिथेच, मिस्त्रीसमोर आणि भाचीसमोर, हमसून हमसून रडली. दादा मात्र सळई कुठल्या हाताने धरायची ते मिस्त्रीला पुन्हा पुन्हा विचारत राहिला.